बडोद्याहून परगावच्या मैदानावर: पाहुण्या संघाच्या पाठीराख्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

बडोद्यात राहून भारतीय फुटबॉलचे वेड लागलेल्या माणसाची अडचण अशी, की २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून आजवर गुजरातचा एकही संघ त्या लीगमध्ये खेळलेला नाही. त्यामुळे संघ कोणताही निवडला तरी सामन्याला गाडीनेच जावे लागते. दांडिया बाजारात वाढलेला मराठी मुलगा एफसी गोवाचा चाहता असतो, कोयलीच्या रिफायनरीतला त्याचा मल्याळी सहकारी केरळा ब्लास्टर्सचा, आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात बंगाली मित्रांच्या संगतीत राहिलेला कुणी ईस्ट बंगालचा. या सगळ्यांना लीगचे सर्वांत जवळचे मैदान म्हणजे मुंबईतले अंधेरीचे, आणि तिथे यजमान मुंबई सिटी असल्यामुळे ही सारी मंडळी पाहुण्यांच्या बाजूला बसणार. हा लेख मुख्यतः अंधेरीची वारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मडगाव आणि कोलकाता येथे काय वेगळे पडते तेही पुढे ओघाने सांगितले आहे.

बहुतेक जण आधी तिकीट काढतात, मग गाडी शोधतात आणि कुठे बसायचे ते मैदानावर पोहोचल्यावर पाहतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. आधी परतीची गाडी ठरवावी, मग स्टँड, म्हणजे मैदानात बसायचा भाग, ठरवावा आणि तिकीट सर्वांत शेवटी काढावे.

तारीख आणि ठिकाण पक्के करणे

भारतीय फुटबॉलच्या वेळापत्रकावर फार भिस्त ठेवू नये. एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारी लीग २०२५-२६ मध्ये कराराच्या गुंत्यामुळे कित्येक महिने लांबली, आणि सुरळीत हंगामातही दूरचित्रवाणीच्या सोयीने सामन्याची वेळ संध्याकाळी पाचची साडेसात होते किंवा तारीख एखाद्या दिवसाने सरकते. म्हणून विमानाचे परतावा न मिळणारे तिकीट किंवा हॉटेलचे आगाऊ भाडे यांत पैसे अडकवू नयेत. रेल्वेचे पक्के तिकीट वेळेत रद्द केले तर थोडी कपात होऊन बाकी रक्कम परत मिळते, आणि या वारीसाठी तेच सर्वांत शहाणपणाचे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे वेळापत्रक जाहीर होण्याची वाट पाहिली तरी फारसे बिघडत नाही.

ठिकाणाची खात्रीही स्वतंत्रपणे करावी. मुंबई सिटी २०१६ पासून अंधेरीत खेळत आली असली तरी त्याआधी तिचे घर नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम होते. आणि २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे ‘घरचे’ सामने तिने पुण्याजवळ बालेवाडीत खेळले, तर अल हिलालविरुद्धची लढत पुन्हा नेरूळला झाली. ‘मुंबईचा सामना म्हणजे अंधेरी’ असे गृहीत धरून निघालेला बडोदेकर अशा वेळी पार दुसऱ्याच शहरात उतरेल.

पाच आणि साडेसात अशा दोन वेळांपैकी निवड करता येत असेल तर पाचचा सामना घ्यावा. रोषणाईतल्या सामन्याची मजा निराळी असते हे खरे, पण परतीचे गणित पाचच्या सामन्यात फार सोपे होते.

परतीची गाडी

साडेसातला सुरू होणारा सामना मध्यंतराची पंधरा मिनिटे आणि वाढीव वेळ धरून साधारण साडेनऊला संपतो. त्यानंतर खेळाडू आपल्या पाठीराख्यांना अभिवादन करायला येतात, ते सोडून कुणी उठत नाही. पोलीस बरेचदा पाहुण्यांचा स्टँड पंधरा-वीस मिनिटे थांबवून ठेवतात; मग मेट्रोची रांग, अंधेरी, लोकल आणि शेवटी बोरिवली. एवढे सगळे होईपर्यंत अकरा वाजतात. म्हणून रात्री अकराच्या आत बोरिवली सोडणारी कोणतीही गाडी कागदावर कितीही मोहक दिसली तरी तिचे तिकीट काढू नये. बडोदेकरांच्या सोयीची गाडी म्हणजे दादरहून रात्री उशिरा निघणारी एकतानगर एक्सप्रेस. २०२१ च्या जानेवारीत ती बडोद्यापुढे केवडियापर्यंत, म्हणजे आजच्या एकतानगरपर्यंत, वाढवली गेली, पण आपली जुनी मंडळी अजूनही तिला वडोदरा एक्सप्रेसच म्हणतात. ती पहाटेच्या सुमारास बडोद्याला सोडते आणि सोमवारी कामावर जाणाऱ्यालाही ती चालते.

इथे एक बारीक खाच आहे आणि ती जाणत्या प्रवाशालाही फसवते. अशी गाडी दादरहून मध्यरात्रीच्या आत सुटते, पण बोरिवलीला पोहोचते तेव्हा तारीख बदललेली असते. शनिवारच्या सामन्यासाठी ‘बोरिवली ते वडोदरा’ असे तिकीट काढताना शनिवारची तारीख टाकली, तर ते तिकीट शुक्रवार-शनिवारच्या मध्यरात्रीचे निघते, म्हणजे सामन्याच्या दिवशी सकाळी ती गाडी बडोद्याला पोहोचून मोकळीही झालेली असते. बोरिवलीहून चढायचे तर रविवारची तारीख टाकावी. दादरपासून तिकीट काढून चढण्याचे स्थानक बोरिवली ठेवायचे तर शनिवारची. तिकीट निघाल्यावर मोबाइलवर आलेल्या संदेशातली चढण्याची तारीख आणि वेळ मोठ्याने वाचून सोबत्याला दाखवावी. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा त्या हंगामाचे वेळापत्रक पाहूनच हा हिशेब करावा.

जाताना मात्र भरपूर पर्याय आहेत. अहमदाबादकडून मुंबईला जाणाऱ्या कर्णावती, शताब्दी, वंदे भारत अशा दिवसाच्या गाड्या बडोद्याला थांबतात आणि बोरिवलीलाही. सकाळची गाडी घ्यावी. दुपारची गाडी दोन तास रखडली तर पहिला गोल डब्यातच ऐकावा लागतो.

स्वतःच्या मोटारीने किंवा मोटारसायकलीने जाण्याचा मोह टाळावा. महामार्ग चांगला असला तरी वसई-घोडबंदरच्या पट्ट्यात किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि सामन्यानंतर रात्रभर गाडी चालवणारा माणूस दिवसभर उभा राहून, ओरडून, थकलेला असतो. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्स आणि हैदराबाद यांच्यात अंतिम सामना होता. त्यासाठी मोटारसायकलीवरून गोव्याकडे निघालेले ब्लास्टर्सचे दोन तरुण चाहते कासरगोड जिल्ह्यात रस्त्यावरच्या अपघातात गेले.

कोणत्या स्टँडमध्ये बसायचे

पाहुण्यांसाठी वेगळा स्टँड असणे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असताना एकाच स्टँडमध्ये मिसळून बसलेल्या दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांत मैदानावरच्या भांडणाचे लोण पसरले, दंगल झाली आणि चेंगराचेंगरीत १६ जण मेले. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात. अंधेरीतले वातावरण त्या तुलनेत अगदीच सौम्य असते, मैदान आटोपशीर आहे आणि मारामारीची भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही ब्लास्टर्सची पिवळी जर्सी घालून यजमानांच्या कट्टर पाठीराख्यांमध्ये जाऊन बसणे हा उगाच ओढवून घेतलेला ताप आहे.

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था नियमाने बांधलेली आहे. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाला ३,००० किंवा मैदानाच्या क्षमतेच्या दहा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी तिकिटे मिळतात, आणि २०१६-१७ च्या हंगामापासून त्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. बडोद्याहून शिकायला लेस्टर किंवा मँचेस्टरला गेलेल्यांनी लक्षात ठेवावे, की ही तिकिटे मैदानावरच्या खिडकीत मिळण्याची आशा नसते. ती पाहुणा क्लब आपल्या सभासदांना विकतो, आणि ज्याने आजवर जास्त सामने पाहिले त्याचा नंबर आधी लागतो. यजमानांच्या भागात पाहुण्यांची जर्सी घातलेली आढळली तर बाहेर काढतात, आणि त्यात हुज्जत घालून उपयोग नसतो.

आपल्याकडे एवढा काटेकोरपणा नाही. पाहुण्यांना किती जागा द्यायच्या आणि कुठे, हे सामन्यागणिक, पोलिसांच्या सल्ल्यानुसार आणि अपेक्षित गर्दीनुसार ठरते. तिकिटाच्या ॲपवरच्या नकाशात एखाद्या भागावर ‘अवे’ असे लिहिलेले असते, कधी ते शेवटच्या आठवड्यात उघडते आणि कधी उघडतच नाही, कारण तो सगळा भाग पाठीराख्यांच्या संघटनेने एकगठ्ठा घेतलेला असतो. म्हणून तिकिटाआधी संघटनेशी बोलावे. केरळा ब्लास्टर्सची ‘मंजप्पडा’, बेंगळुरूची ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’, एफसी गोवाची ‘ईस्ट लोअर आर्मी’ आणि ‘गौर आर्मी’, चेन्नईयिनची ‘बी स्टँड ब्लूज’ या संघटना समाजमाध्यमांवर उघडपणे सापडतात. मुंबई सिटीचा चाहता असून उलट गोव्याला किंवा कोलकात्याला निघालेल्याने ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ला विचारावे. आपण बडोद्याहून किती जण येत आहोत, त्यात मुले-बायका आहेत का आणि तिकिटे संघटनेमार्फत हवीत की आपली आपण काढायची, एवढे तीन प्रश्न संदेशात लिहिले की सहसा त्याच दिवशी उत्तर येते. पैसे मात्र संघटनेच्या जाहीर केलेल्या खात्यावरच पाठवावेत. कुणीतरी पुढे ढकललेल्या क्यूआर कोडवर पाठवू नयेत.

लहान मुलांसह जाणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये सामनाभर उभे राहतात, पुढे झेंडे फडकत असतात आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला मैदानाऐवजी समोरच्याची पाठ दिसते. अशांनी कडेच्या एखाद्या शांत स्टँडचे तिकीट काढावे, साधे रंगीत कपडे घालावेत, आणि आपल्या संघाने गोल केल्यावर हाताची घडी घालून बसण्याची तयारी ठेवावी. ते अवघड असते हे मान्य, पण पोराला सामना नीट दिसतो.

तिकीट काढणे

आता तिकीट. बहुतेक सामन्यांची तिकिटे बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट यांसारख्या ॲपवर निघतात. कोणता क्लब कोणाकडे विकतो ते हंगामागणिक बदलते, म्हणून क्लबच्या अधिकृत पानावरच्या दुव्यावरूनच आत शिरावे. काढताना स्टँडचे नाव, मजला आणि प्रवेशद्वाराचा क्रमांक या तिन्ही गोष्टी वहीत उतरवाव्यात. सगळ्यांची तिकिटे एकाच मोबाइलवर असतील तर प्रत्येकाला त्याचा क्यूआर कोड आधीच पाठवावा, कारण दारात गट फुटतो, पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी होते, आणि मोबाइल एका रांगेत तर माणूस दुसऱ्या रांगेत अशी अवस्था होते. काही ॲपमध्ये कोड सामन्याच्या थोडा वेळ आधीच उघडतो. तिथे पडद्याचे चित्र काढून ठेवणे चालत नाही, तेव्हा बॅटरी राखावी लागते.

मैदानाबाहेर चढ्या भावाने तिकीट विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. एकच कोड चार जणांना विकलेला असतो आणि जो आधी पोहोचतो तो आत जातो.

कपडे, झेंडे आणि सामान

जर्सी पिशवीत ठेवून प्रवास करावा आणि वर साधा सदरा घालावा, मग स्टँडच्या दाराशी जर्सी चढवावी. यामागे भीतीपेक्षा सोय आहे. लोकलच्या डब्यात कुणी काही बोलत नाही, पण मैदानाबाहेर स्वयंसेवक रंग पाहून माणसाला रांगेत लावतात, आणि रंगाचा घोळ झाला की फेरफटका वाढतो. मुंबई सिटीचा रंग आकाशी, बेंगळुरूचा निळा. रोषणाईत दोन्ही रंग एकच भासतात. बेंगळुरूच्या चाहत्याने म्हणूनच गळ्यात संघाचे नाव असलेला स्कार्फ ठेवावा आणि तिकीट हातात धरूनच दार विचारावे. ब्लास्टर्सच्या पिवळ्याला किंवा गोव्याच्या नारिंगीला हा प्रश्न येत नाही.

बॅनर न्यायचा असेल तर तो घरी करावा, कारण छापील फ्लेक्स घडी घातल्यावर चिरतो आणि दारात त्यावर संशयही जास्त घेतात. मंगळ बाजारातून मांजरपाट किंवा जाड लठ्ठा आणावा, दोन पन्हे जोडून शिवून घ्यावेत, आणि अक्षरे आधी खडूने आखून मग कापडी रंगाने भरावीत. मोठ्या अक्षरांच्या कडा चिकटपट्टी लावून रंगवल्या की सरळ येतात. पट्टी रंग ओला असतानाच काढावी, नाहीतर सुकलेला रंग पापुद्र्यासारखा तिच्याबरोबर निघतो. रंग एक दिवस वाळू द्यावा आणि उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी, म्हणजे दमट हवेत घड्या एकमेकींना चिकटत नाहीत. चारही कोपऱ्यांना आणि वरच्या काठाला हातभर अंतरावर सुती नाड्या शिवाव्यात. काठी सहसा मैदानात आत सोडत नाहीत, पण नाड्यांनी कठड्याला बांधलेला बॅनर सामनाभर टिकतो. मजकूर आणि मापे संघटनेमार्फत यजमान क्लबला आधी कळवून परवानगी घ्यावी. राजकीय, जातीय किंवा एखाद्या खेळाडूच्या व्यक्तिगत आयुष्यावरचा मजकूर आत जात नाही आणि जाऊही नये. ढोल-ताशांचेही तेच: संघटनेने परवानगी काढलेली असेल तरच न्यावेत.

बाकी सामान जितके कमी तितके बरे. पाण्याच्या बाटल्या, डबा, छत्री, हेल्मेट, लायटर, सिगारेटी, लेझर, फटाके आणि धुराच्या नळकांड्या दारात काढून घेतात. पॉवर बँक कुठे सोडतात, कुठे नाही. सोडतील असे धरून चालू नये. सुटी नाणीसुद्धा घेत नाहीत, कारण नाणे फेकून मारता येते. दाराजवळच्या खोक्यात एक-दोनच्या नाण्यांचा ढीग साचलेला दिसतो, आणि त्यात गेलेले नाणे परत मिळत नाही. म्हणून बोरिवलीलाच चहा-नाश्त्यात सुटे संपवावेत. पाठीवरची मोठी पिशवी नेऊच नये. मैदानावर सामान ठेवण्याची सोय असतेच असे नाही, आणि शेजारच्या पानवाल्याच्या भरवशावर ठेवलेली पिशवी सामन्यानंतर बंद दुकानात अडकलेली असते. मुक्काम नसेल तर बदली सदरा, आधार कार्ड, थोडी रोख रक्कम आणि औषधे कमरेच्या लहान पाकिटात मावतात. घरून नेलेले ठेपले, लिलो चिवडा आणि भाकरवडी गाडीत आणि मैदानाबाहेर संपवावी. आतले खाणे महाग असते आणि मध्यंतरात तिथवर पोहोचताही येत नाही.

बोरिवलीपासून दारापर्यंत

बोरिवलीला उतरून चर्चगेटकडची लोकल घ्यावी. संध्याकाळी गर्दीचा लोंढा उलट दिशेने, म्हणजे शहरातून उपनगरांकडे, असतो, त्यामुळे जाताना त्रास कमी होतो. अंधेरीला उतरून पुलावरून मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेच्या स्थानकात जावे आणि वर्सोव्याकडची गाडी पकडावी. पहिलेच स्थानक आझाद नगर; तिथून क्रीडासंकुल अगदी लागून आहे. या संकुलाचे नाव छत्रपती शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल असे आहे, पण रिक्षावाल्याला ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ म्हटल्यावरच उमगते. मेट्रोचे परतीचे तिकीट जातानाच काढून ठेवावे. सामना सुटल्यावर खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत येते आणि आधीच तिकीट असलेला माणूस तिच्या कडेने सरळ आत जातो.

दारे साधारणपणे सामन्याच्या दीड-दोन तास आधी उघडतात. तासभर आधी पोहोचणे पुरेसे वाटते, पण पाहुण्यांचे दार बरेचदा मुख्य रस्त्यापासून दूर असते आणि संकुलाला वळसा घालावा लागतो, तेव्हा दीड तास हाताशी असावा. दार सापडत नसेल तर बंदोबस्तावरच्या हवालदाराला विचारावे. ‘साहेब, पाहुण्यांचं गेट कुठलं?’ असे मराठीत विचारल्यावर ते एकदा आपल्या पिवळ्या स्कार्फकडे आणि एकदा तोंडाकडे पाहतात, ‘मराठी माणूस असून तिकडं कुठं?’ असे हसून म्हणतात आणि मग नीट वाट दाखवतात. बडोद्याचे मराठी त्यांना जरा जुन्या वळणाचे वाटते, पण काम होते.

झडती दोनदा होते: बंदोबस्ताच्या बाहेरच्या कड्याशी एकदा आणि स्टँडच्या जिन्याशी पुन्हा. बॅनर असेल तर तो बाहेरच्या कड्याशी पूर्ण उलगडून दाखवावा लागतो. घडी अशी घालावी की दोन माणसांनी कोपरे धरून झटकन उघडता येईल, आणि परवानगीचा संदेश मोबाइलवर समोरच ठेवावा. एकदा कोड वाचला गेला की बाहेर जाऊन पुन्हा आत येता येत नाही, म्हणून कुणी मागे राहिले असेल तर आत शिरण्याआधीच थांबावे.

आत गेल्यावर

जागेवर बसण्याआधी बाहेर पडण्याचे दोन मार्ग डोळ्यांखालून घालावेत: ज्या जिन्याने आलो तो, आणि त्याशिवाय जवळचा दुसरा. मुले किंवा वयस्क सोबत असतील तर त्यांनाही दाखवावेत आणि चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते ठरवावे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलंग येथे फुटबॉल सामन्यानंतर १३५ माणसे गेली. त्या सामन्याला पाहुण्यांचे पाठीराखे येऊच दिलेले नव्हते, तरी पोलिसांच्या अश्रुधुरानंतर लोक अरुंद आणि धड न उघडलेल्या दारांशी चेंगरले. धोका दर वेळी विरुद्ध संघाच्या माणसांकडूनच येतो असे नाही. गर्दी एका बाजूला रेटू लागली तर प्रवाहाविरुद्ध जाऊ नये, हात छातीसमोर धरावेत आणि कडेकडेने सरकत मोकळ्या जागेकडे जावे.

स्टँडमध्ये मैदानाकडे पाठ करून उभा असलेला एक जण घोषणा सुरू करून देतो आणि बाकीचे उचलून धरतात. घोषणा मल्याळमात, कोंकणीत किंवा बंगालीत असतात. दोन-तीन आधी ऐकून पाठ कराव्यात, बाकी ठिकाणी टाळ्यांनी साथ द्यावी. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक असला तरी पाहुण्यांच्या स्टँडमध्ये तो कुणी पाळत नाही, आणि त्यावरून वाद घालणारा माणूस तिथे उपराच ठरतो. उभे राहणे जमत नसेल तर सर्वांत मागची रांग किंवा कडेच्या जागा घ्याव्यात.

शिवीगाळ, वस्तू फेकणे आणि धुराच्या नळकांड्या या गोष्टींचा दंड शेवटी आपल्याच क्लबला भरावा लागतो, कारण शिस्तसंहितेनुसार पाठीराख्यांच्या वर्तनाची जबाबदारी क्लबवर येते. वर्णावरून किंवा प्रांतावरून खेळाडूला हिणवणारा शेजारी दिसला तर त्याच्याशी भांडू नये. संघटनेच्या माणसाला किंवा स्वयंसेवकाला खुणेने सांगावे. पलीकडच्या स्टँडकडे बोट दाखवून चिथावणारे हातवारे करण्यात फार लोकांना शौर्य वाटते. मला ते बालिश वाटते, आणि सामन्यानंतर तीच मंडळी मेट्रोच्या फलाटावर शेजारी उभी असतात.

सामना संपल्यावर

शिट्टी झाल्यावर खेळाडू स्टँडपाशी येतात. परगावच्या सामन्यातला हा माझ्या आवडीचा भाग आहे, कारण घरच्या मैदानावर हजारोंमध्ये हरवणारा चाहता इथे दोन-तीनशेंच्या घोळक्यात असतो आणि कर्णधाराची नजर खरोखर त्याच्यावर पडते. तेवढ्या वेळात बॅनरच्या नाड्या सोडून घ्याव्यात. पोलिसांनी थांबवून ठेवले तर कुरकुरू नये, त्या वेळात जर्सीवर सदरा चढवावा, माणसे मोजावीत आणि गाडी वेळेवर आहे का ते मोबाइलवर पाहावे. बाहेर पडल्यावर आझाद नगरपर्यंत गटानेच चालावे. मेट्रो चुकण्याची वेळ आली तर रिक्षाने अंधेरी गाठावी, पण मैदानाच्या दारातून रिक्षा न पकडता थोडे पुढे चालून पकडावी; भाडे मीटरने मिळण्याची शक्यता तिथे जास्त असते. बोरिवलीला पोहोचून एक तास हाताशी उरला तर तो वाया गेला असे समजू नये. रात्रीची लोकल रखडली तर तोच तास उपयोगी पडतो.

मडगाव आणि कोलकाता

गोव्याच्या सामन्यासाठी फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम मडगाव स्थानकापासून जवळ आहे. तिथे रात्री बसगाड्या लवकर थांबतात. मोटारसायकलवाले ‘पायलट’ मिळतात, पण सामन्याच्या गर्दीनंतर तेही दुर्मिळ होतात, म्हणून मडगावातच मुक्काम ठेवावा आणि गाडी दुसऱ्या दिवशीची घ्यावी. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम, म्हणजे विवेकानंद युवभारती क्रीडांगण, देशातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल मैदानांपैकी एक असून तिथे साठ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. दारेही पुष्कळ आणि एकमेकांपासून लांब आहेत. तिकिटावरचे दार आणि उतरण्याचे ठिकाण यांचा मेळ आधी नकाशावर घातला नाही, तर अर्धा तास नुसता फिरण्यात जातो. मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना पाहण्याची इच्छा असलेल्या बडोदेकराने पहिल्या खेपेला तरी एखाद्या स्थानिक मित्राच्या सोबतीनेच जावे आणि दोन्ही संघांचे रंग अंगावर टाळावेत: हिरवा-मरून मोहन बागानचा, लाल-पिवळा ईस्ट बंगालचा.

तक्रार करायची झाल्यास

पाहुण्यांच्या स्टँडमध्ये पाणी नव्हते, स्वच्छतागृह बंद होते, बायकांच्या झडतीला महिला पोलीस नव्हती किंवा परवानगी असूनही बॅनर अडवला, अशा गोष्टी घडल्या तर दारात भांडून काही निघत नाही. दाराचा क्रमांक, वेळ आणि शक्य असल्यास छायाचित्र टिपून ठेवावे, आणि दोन दिवसांच्या आत आपल्या क्लबला, यजमान क्लबला आणि संघटनेला एकाच ईमेलने कळवावे. आपल्या क्लबला कळवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण पुढच्या हंगामात त्याच मैदानावर जाण्याआधी यजमानांशी बोलणी तोच करतो. सामना मध्येच थांबला किंवा पुढे ढकलला गेला तर तिकिटाचा कोड आणि पैसे दिल्याचा संदेश पुसून टाकू नये. नवीन तारखेला तेच तिकीट चालणार की परतावा मिळणार, हे क्लब नंतर जाहीर करतो, आणि दोन्हीसाठी मूळ कोडच मागतात.